त्यांच्याकडं खुर्ची होती

धामणवाडी, ता. वसमत, जि. हिंगोली
१७ ऑगस्ट २०२५

व्यंकटराव भावजींस,

जनकाबाई रामकिशन कऱ्हाळे हिचा नमस्कार. ख्यालीखुशाली विचाराल म्हणून आधीच सांगते. तब्येत बरी हाय, डोकं ठिकाणावर न्हाई. आणि ते तुमच्यामुळं.

परवा झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. आमचा वैजनाथ, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा पोरगा, यंदा सरपंच हाय. तो उठला आणि म्हणला, शाळेला काकांचं नाव देऊन राहिलो, शाळेसमोर दगड बसवून राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं काहून बोलू. मग त्यानं दगडावरचा मजकूर वाचला. 'शहीद फ्लाइट लेफ्टनंट रामकिशन कऱ्हाळे, वीरमरण ५ डिसेंबर १९७१.' माझे हात तसेच राहिले. मी उभी राहिले आणि म्हणलं, वैजनाथ, तुला हे कोणी सांगितलं? तर त्यानं खिशातून कागद काढला. खाली तुमची सही. 'मी त्यांच्याच विमानात नॅव्हिगेटर होतो. विमान पाडले गेले तेव्हा त्यांना मरण आले हे मी खात्रीने सांगतो.'

खात्रीने?

भावजी, तुमी पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आलात आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या घरी आलात. ओसरीवर बसला होतात. मी तेव्हा एकवीस वर्षांची, आत दाराआड उभी. तुमी मामंजींना म्हणलात, 'मी त्याला पाहिलं नाही.' तेवढे चार शब्द धरून मी आजवर जगले. सरकारनं आधी 'बेपत्ता' लिहिलं, नंतर 'मृत समजावे' लिहिलं. समजावे! ज्यांना समजायचं ते समजले. मी न्हाई समजले. कुंकू लावते, हिरव्या बांगड्या भरते. गाव मागून काय बोलतं ते मला ठावं हाय.

आता वैजनाथ म्हणतो, काकू, दगड हिंगोलीत कोरून तयार हाय, फक्त तुमची संमती पाहिजे. मी देणार न्हाई. तुमी मला दुसरा कागद पाठवा. 'मी पाहिलं नाही' असं लिहा आणि सही करा. जे बोललात तेच लिहा, जास्त मागत न्हाई.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई असं वैजनाथ म्हणला. म्हणून पत्र.

जनकाबाई


पुणे
२९ ऑगस्ट २०२५

जनकावहिनी,

तुमचं पत्र माझी लेक जान्हवी हिनं आणून दिलं. तिनं विचारलं, बाबा, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, जुनं आहे.

वैजनाथनं मला लिहिलं होतं की शाळेच्या कामासाठी कागद लागतो. तो तुमच्या संमतीनंच मागतोय असं मी धरून चाललो. त्याबद्दल माफ करा. पण दुसरा कागद मी पाठवणार नाही. मी जे म्हणालो ते तुम्ही दाराआडून अर्धंच ऐकलंत. मी म्हणालो होतो, 'मी त्याला बाहेर पडताना पाहिलं नाही.' मधले दोन शब्द तुमच्यापर्यंत पोचले नसतील, तर त्याला मी काय करू?

आता सरळ लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

आमचं कॅनबेरा दोघांचं विमान. रामकिशन वर काचेखाली बसून चालवायचा. मी खाली नाकाडात नकाशे घेऊन असायचो आणि बॉम्ब टाकताना पालथा पडायचो. आम्ही दोघंही मराठवाड्यातले, मी नांदेडकडचा, म्हणून त्यानंच मला मागून घेतलं होतं. त्या विमानात वैमानिकाला उडती खुर्ची होती. दांडी ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जायचा, पुढं पॅराशूट. नॅव्हिगेटरला खुर्ची नव्हती. त्यानं सरपटत उजव्या बाजूच्या दाराशी जायचं, दार उडवायचं आणि उडी टाकायची. विमान ज्यांनी बनवलं त्यांनी तसं बनवलं, आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांनी तसं घेतलं. ह्यावर मी तरुणपणी खूप भांडलो, काही उपयोग झाला नाही.

त्या पहाटे धावपट्टीवर बॉम्ब टाकून वळताना तोफेचा गोळा लागला. उजवं इंजिन पेटलं. रामकिशन म्हणाला, 'व्यंकट, नीघ.' मी दाराशी गेलो. दार अडकलेलं होतं. लाथा घातल्या, हलेना. तो विमान सरळ धरून बसला होता. वाकडं झालं असतं तर मी दाराला चिकटून राहिलो असतो. तो विचारत होता, 'उघडलं का?' पुन्हा, 'उघडलं का?' शेवटी उघडलं आणि मी पडलो, पडताना खांदा निखळला. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, चंद्र होता. पॅराशूटला लोंबकळत मी चारी बाजूंना पाहिलं. दुसरी छत्री नव्हती. विमान एका अंगावर कलंडलं आणि शेतात गेलं. मग जाळ दिसला.

हे मी हवाईदलाच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, माझी बायको प्रेमा होती तेव्हा तिला सांगितलं. ऐकून प्रत्येक जण शेवटी एकच विचारतो, मग तुम्ही कसे वाचलात? वहिनी, मी कंटाळलो आहे. ऐंशी वर्षांचा झालो. संमती द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यात पुन्हा ओढू नका.

व्यंकटराव उमरीकर


धामणवाडी
९ सप्टेंबर २०२५

भावजींस,

तुमी कंटाळलात. बराबर. आमी काय मजेत हाव?

तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी गोष्ट तुमीच लिहिली आणि तुमच्याच ध्यानात आली न्हाई. खुर्ची! लग्न झालं त्या सालच्या पावसाळ्यात मी त्यांच्यासोबत क्वार्टरवर राहत होते. रोज विमान उठलं की मी चुलीपाशी जाऊन बसायचे. एक दिवस त्यांनी मला स्वैपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, माझे दोन्ही हात डोक्यावर नेले आणि म्हणले, 'अशी दांडी ओढायची, की खुर्ची मला घेऊन उडती. तू चुलीपाशी बसून घाबरतीस, मी तर बसल्या जागी सुटतो.' असं म्हणून स्टूल उचललं, माझ्यासकट. मी किंचाळले, ते हसून राहिले.

मग सांगा. ज्याच्याकडं खुर्ची न्हाई तो माणूस सुटला आणि पुण्यात बसून मला पत्र लिहून राहिला. आणि ज्याच्याकडं खुर्ची होती तो मेला? हे कुठलं गणित? तुमी पडलात, तुमचा खांदा निखळलेला, खाली परका मुलूख. तुमी म्हणता चारी बाजूंना पाहिलं. तुमच्या डोक्यावर तुमचीच छत्री होती ना? तिच्यापलीकडं काय होतं ते दिसलं का?

आणि मी नुसती घरात बसून वाट पाहिली असं समजू नका. एक्क्याऐंशी साली दिल्लीला गेले, माझ्या भावाला घेऊन. बेपत्ता जवानांच्या घरचे लोक जमले होते. तिथं रतनसिंग नावाचा म्हातारा आला होता. चुकून सरहद्द ओलांडली म्हणून तिकडच्या तुरुंगात कैक वर्षं राहून आलेला. तो म्हणला, आमच्या तुरुंगात एक उंच माणूस होता, विमानवाला, नाव 'काराले' का असंच काही, आणि बोलताना सारखं 'हौ, हौ' करायचा. भावजी, 'हौ' कोण करतं? पंजाबी करतो का? आमच्याकडचा माणूसच 'हौ' करतो. मी मोठ्या ऑफिसच्या व्हरांड्यात चार दिवस बसले. साहेब म्हणले, चौकशी करू. अजून चालूच असंल.

तुमी तिकडं वर्षभर होतात. मला एवढंच सांगा, तुमी त्यांना शोधलं का? कोणाला विचारलं का? का आपला जीव वाचला म्हणून गप बसला?

जनकाबाई


पुणे
२४ सप्टेंबर २०२५

जनकावहिनी,

शेवटची ओळ तुम्ही रागानं लिहिलीत असं समजतो. तरी ती मला लागली. आठ दिवस उत्तर लिहिलं नाही.

शोधलं का म्हणता? ऐका.

मी पडलो तिथं आधी गावकऱ्यांनी काठ्यांनी मारलं, मग सैनिकांनी सोडवलं. डोळे बांधून कुठंतरी नेलं. एक कोंदट खोली होती, वर जाळीचा झरोका. विचारपूस करणारा अधिकारी मोठा गोड बोलायचा, उर्दूत, चहा पाजून. मी नाव, हुद्दा आणि नंबर ह्यापलीकडं काही बोलेना, मग मार. असं काही दिवस चाललं. एके दिवशी तो म्हणाला, 'तू उगाच मार खातोस. तुझा पायलट शेजारच्या खोलीत आहे. त्यानं सगळं सांगून टाकलंय.'

वहिनी, त्या क्षणी मला केवढा आनंद झाला ते तुम्हाला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. मी दुसरी छत्री पाहिली नव्हती, जाळ पाहिला होता, तरी माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडाला. म्हटलं, मीच चुकलो, रामकिशन जिवंत आहे. भिंतीला तोंड लावून मी हाक मारली. पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग मी रोज त्या खोकल्याशी बोलायचो. मराठीत. 'रामकिशन, सुटलो की वसमतच्या बाजाराला जायचं. तुझ्या हळदीचा भाव बघायचा. जनकावहिनींच्या हातचं खायचं.' पलीकडून कधी खोकला, कधी काहीच नाही. मला वाटायचं, त्याच्या जबड्याला लागलं असेल, बोलता येत नसेल. किती कारणं शोधली मी त्याच्या वतीनं!

हे दोन महिने. मग एक दिवस त्या गोड अधिकाऱ्यानं टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, 'ये वसमत कहाँ है? वहाँ हवाई अड्डा है क्या?'

ते भिंतीमागं ऐकत बसले होते. आपलं वसमत त्यांना गुप्त तळ वाटलं.

पुढं मला तिथून हलवलं तेव्हा शेजारची खोली उघडी होती. आत कांद्याची पोती होती आणि एक म्हातारा कोठीवाला. दमेकरी. मला पाहून तो खोकला.

मग छावणीत आणलं, तिथं आपले बाकीचे लोक होते. प्रत्येकाला विचारलं. नवीन कुणी आलं की पाणी देण्याआधी विचारायचो, रामकिशन कऱ्हाळेला पाहिलंत का? शेवटी लोक मला टाळायला लागले. कुणीही पाहिलं नव्हतं. तुमच्या रतनसिंगानं पाहिलं असेल, तर त्यानं कुणाला पाहिलं ते मला ठाऊक नाही. 'हौ' हैदराबादचा माणूसही म्हणतो.

आशा म्हणजे काय ते मला शिकवू नका. माझ्या आशेवर त्यांनी मला दोन महिने नाचवलं.

व्यंकटराव


धामणवाडी
६ ऑक्टोबर २०२५

भावजींस,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कांद्याच्या पोत्यांपाशी आले की माझं पुढं सरकेना. तुमाला लई तकलीफ झाली. मी तसं बोलायला नको होतं.

पण मी काय करू ते सांगा. इकडं पावसानं हळदीत गुडघाभर पाणी उभं केलं, कंद सडून राहिले, आणि वैजनाथ पंप लावायचं सोडून माझ्या मागं लागलाय. दगड येऊन पडला. शाळेच्या मागं ताडपत्रीखाली ठेवलाय. मास्तर म्हणतात, वरून विचारणा येऊन राहिली. बायका पाणवठ्यावर बोलायच्या थांबतात. पंचफुला, माझी शेजारीण, एवढी माझी जीवाभावाची, ती पण काल म्हणली, 'जनका, गावाचं नाव होऊन राहिलं, तू काहून आडवी येतीस?' म्हणजे माझा नवरा मेला असं मी म्हणलं की गावाचं नाव होणार.

तुमी म्हणता मी अर्धं ऐकलं. असंल. पण तुमी पण तर अंदाजच सांगून राहिलात. छत्री दिसली न्हाई, जाळ दिसला, कोणी भेटलं न्हाई. मढं कोणी पाहिलं? माती कोणी दिली? तुमाला ते लोक एकदा म्हणले, शेजारच्या खोलीत हाय. तुमी मानलं. ते खोटं निघालं. मग कोणी म्हणलं असंल, मेला. तुमी ते पण मानलं. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसला नसंल कशावरून?

मला शत्रूच्या तोंडचं नको आणि सरकारच्या कागदावरचं नको. असं काही सांगा जे खोटं सांगताच येत न्हाई. सांगितलं की मी वैजनाथच्या कागदावर सही करते. न्हाईतर दगड ताडपत्रीखाली राहू द्या, मी मरेपर्यंत.

जनकाबाई


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

जनकावहिनी,

तुमचं पत्र वाचून मी जान्हवीवर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता. तुम्ही मला हे सगळं का विचारताय, तेच मला कळेना. कारण हे तुम्हाला माहीत आहे असं मी आजपर्यंत धरून चाललो होतो. माहीत असूनही तुम्ही मानत नाही, असं समजून मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडत आलो.

छावणीत उन्हाळ्यात एक अधिकारी मला भेटायला आला. विमान पडलं त्या भागात त्या दिवशी त्याची तुकडी होती. तो म्हणाला, 'तुझा साथीदार विमानातच होता. पुढचा भाग तुटून वेगळा पडला होता. आम्ही त्याला कालव्याच्या कडेला पुरलं, सलामी दिली.' मी तुम्ही म्हणता तेच म्हणालो. म्हणालो, साहेब, ह्या खेळात मी एकदा फसलोय, आता जा.

तो उठला. दारात थांबला आणि म्हणाला, एक गोष्ट विचारायची राहिली. 'तुमच्यात पुरुष कमरेला चांदीची साखळी घालतात का? त्याच्या कमरेला होती. काळी पडलेली. माझ्या जवानांना वाटलं, तावीज असेल. आम्ही ती तशीच राहू दिली.'

रामकिशनचा करदोडा, वहिनी. मेसमध्ये आम्ही सगळे त्याला त्यावरून चिडवायचो. विमानात चढताना अंगावर धातू नको म्हणून त्याला कितीदा सांगितलं होतं, तो काढायचा नाही. हे त्या माणसाला कोण सांगणार होतं? करदोड्याचं मी तर त्या भिंतीशीही बोललो नव्हतो.

त्र्याहत्तर साली तुमच्याकडं मी मुक्कामाला होतो. ओसरीवर सगळ्यांसमोर हे बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या विहिरीच्या बांधावर मी तुमच्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. कालवा, माती, करदोडा. ते विहिरीकडं वळले. मग म्हणाले, 'सूनबाईला मी सांगतो. तुम्ही परके, तुमच्या तोंडून नको.' मी त्यांचा शब्द मानला. वडील माणूस होते.

त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?

व्यंकटराव


धामणवाडी
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय उमरीकर साहेब,

सप्रेम नमस्कार. मी सरपंच वैजनाथ कऱ्हाळे. तुम्हाला चार वेळा फोन केला, तुम्ही उचलून 'मोठ्यानं बोला' म्हणता आणि ठेवता. म्हणून लिहीत आहे.

तुम्ही काकूंना शेवटच्या पत्रात काय लिहिलं ते कृपया कळवा. ते पत्र आल्यापासून काकू कोणाशी बोलत नाहीत. दिवाळीत दिवा लावला नाही. आजोबांचा फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागं उलटा ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, 'तुझ्या आजोबाला विचार.' आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाली, साहेब. त्यांना कुठं विचारू? लहानपणी मी त्यांच्यासोबत वसमतला जायचो, ते स्टँडवर प्रत्येक गाडी बघत बसायचे आणि मी भज्यासाठी रडायचो, एवढंच मला त्यांचं आठवतं.

माझी अडचण अशी की ५ डिसेंबरची तारीख ठरली, पाहुणे ठरले, मंडपवाल्याला सांगितलं. परवा काकूंनी न बोलता कागदावर सही करून माझ्यापुढं टाकली. मला त्या सहीचा आनंद होईना. तीन महिने मागं लागलो, मिळाली, आणि आता ती खिशातून काढावी वाटत नाही. मी काही चुकीचं केलं का?

कार्यक्रमाला तुम्ही आलात तर बरं होईल. हिंगोलीपर्यंत रेल्वे आहे, वसमतलाही थांबते. घ्यायला येतो.

आपला,
वैजनाथ


पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

जनकावहिनी,

वैजनाथचं पत्र आलं. मी तुमच्या दारी दोनदा मरण घेऊन आलो. एकदा त्र्याहत्तर साली, ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. आणि आता पोचलं ते असं.

मी यायला तयार होतो. तिकीट काढायला सांगितलं. डॉक्टरांनी नाही म्हटलं आणि जान्हवीनं तिकीट काढलंच नाही. ह्या वयात आपण स्वतःच्या पायांनीही कुठं जाऊ शकत नाही, ह्याची फार चीड येते.

तुमच्या सासऱ्यांवर मी खूप रागावलो होतो. पण वैजनाथनं स्टँडवरच्या गाड्यांचं लिहिलं, तेव्हापासून त्यांना काय म्हणावं ते सुचत नाही. बांधावर त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं, वहिनी. तरी ते गाड्या बघायला जात राहिले.

एक ओळ तरी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल.

व्यंकटराव


धामणवाडी
८ डिसेंबर २०२५

भावजींस,

शिव्या द्यायच्याच होत्या. कोणाला देऊ, तेच समजत नव्हतं.

करदोडा माझ्या आईनं घातला होता, लग्नात, जावयाला. वसमतच्या सोनाराकडून घडवलेला. त्याची कडी सैल होती, मी क्वार्टरवर दोऱ्यानं बांधून दिली होती. तुमचं पत्र वाचलं. पुढं विचारायला काहीच उरलं न्हाई.

मामंजींना मी महिनाभर कोठीमागं ठेवलं. तुमाला माहीत न्हाई, चौऱ्याहत्तर साली माझा भाऊ मला न्यायला आला होता. म्हणला, जनका, चल, तू अजून लहान हायीस, शीक, पुढं काही बघू. मी गाठोडं बांधलं होतं. मामंजी दारात उभे राहिले आणि म्हणले, 'माझा पोरगा येणार हाय. तो आल्यावर त्याला मी काय सांगू?' मी गाठोडं सोडलं. आता मला कोणी सांगावं, त्यांनी मला फसवलं का स्वतःला? सून घरात राहावी म्हणून बोलले, का ते शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नव्हते? विचारायला माणूस न्हाई. फोटोशी भांडले, फोटो काय बोलतो? मग परत भिंतीवर लावला. अजून राग हाय. पण जाळं लागून राहिलं होतं.

आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त राग मला ह्यांचा येऊन राहिला. घरी लग्नाला सात महिने झालेली बायको. हाताशी दांडी. आणि ते तुमाला विचारत बसले, उघडलं का, उघडलं का. तुमच्या जागी कोणीही असतं तरी ते तसेच बसले असते, हे मला ठावं हाय. म्हणून तर राग जात न्हाई. चांगल्या माणसावर रागावता पण येत न्हाई नीट. तुमी मात्र आता ते 'मीच कसा वाचलो' लिहू नका. तुमी पडलात ते बरं झालं. न्हाई तर हे मला कोण सांगणार होतं?

पाच तारखेचा कार्यक्रम झाला. मंडप, माइक, फेटे. पाहुणे तासभर बोलले. म्हणले, आपल्या वीरानं शत्रूची वीस विमानं जाळली आणि घोषणा देत देत मृत्यूला मिठी मारली. वैजनाथनं त्यांना तुमचा कागद दिला होता, त्यांनी उघडला पण न्हाई. मी पहिल्या रांगेत बसले होते, गळ्यात हार. मला वाटलं, उठून सांगावं. मग वाटलं, कोणाकोणाला सांगू? दगडावर तारीख बराबर हाय, तेवढं पुष्कळ. मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मधूनच घरी निघून आले.

घरी आल्यावर चूल पेटवायला बसले आणि काडीपेटी परत ठेवली. आमच्याकडं मयतीच्या घरी चूल पेटवत न्हाईत, शेजारपाजारचे भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. माझ्या घरी कधी आलाच न्हाई. कोण आणणार? मीच म्हणत होते कोणी मेलं न्हाई. मी तशीच अंधारत्या घरात बसले. थोड्या वेळानं दोन म्हाताऱ्या आल्या, आता कुंकू पुसायचं का म्हणून विचारायला. 'नवरा मेला माझा, कुंकवाचं माझं मी बघीन,' असं मी एवढ्या जोरानं बोलले की त्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या.

मग पंचफुला आली. पदराखाली ताट होतं. जवारीच्या दोन भाकरी, पिठलं, कांदा. माझ्यापुढं ठेवलं आणि बाजूला भिंतीला टेकून बसली. मी म्हणलं, पंचे, चोपन्न वर्षांनी आणलंस? ती म्हणली, 'तू आज म्हणलीस, मी आज आणलं.'

मी पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. तिनं रडू दिलं. मग म्हणली, भाकरी निवून राहिली. मी जेवले, भावजी. दोन्ही भाकरी जेवले.

जनकाबाई